कनिष्ठ पाणबुड्याचे कार्ड : मूल समुद्रात किती खोल आणि कोणाबरोबर?

मुंबई : मालवण, गोवा, नेत्राणी किंवा अंदमानातील स्वराज द्वीप येथे सुटीसाठी जाणाऱ्या कुटुंबांत एक प्रश्न हल्ली हमखास निघतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्कूबा डायव्हिंग करू द्यावे का? त्याचे उत्तर बहुधा किनाऱ्यावरील फलकावर लिहिलेला दर आणि मुलाचा हट्ट यांवरच ठरते. वास्तविक मुलांच्या प्रशिक्षणासाठी वय, खोली आणि सोबत यांविषयीचे तपशीलवार नियम आंतरराष्ट्रीय संस्थांनी घालून दिले आहेत. त्या नियमांमागील कारणे पालकांना ठाऊक असली, तर या प्रश्नाचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.

पर्यटनस्थळी काही मिनिटांसाठी घेतला जाणारा अनुभव आणि प्रशिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात प्रशिक्षक पर्यटकाला धरून पाण्याखाली नेतो, मासे व प्रवाळ दाखवतो, चित्रफीत काढतो आणि वर आणतो. नंतर हाती पडणारे प्रशस्तिपत्र ही केवळ आठवण असते. प्रशिक्षणानंतर मिळणारे प्रमाणपत्र ‘पाडी’ (स्थापना १९६६), ‘एसएसआय’ यांसारख्या संस्था देतात. या संस्था खासगी आहेत आणि त्यांचे कार्ड हा सरकारी परवाना नव्हे. तथापि जगभरातील डायव्हिंग केंद्रे पाणबुड्याला सिलिंडर देण्यापूर्वी हेच कार्ड मागतात.

पाडीच्या नियमानुसार आठ वर्षांच्या मुलाला ‘बबलमेकर’ या उपक्रमात स्कूबा उपकरणांची ओळख करून घेता येते, मात्र कमाल दोन मीटर खोलीपर्यंतच. दहाव्या वर्षापासून ‘ज्युनिअर ओपन वॉटर डायव्हर’ हा पहिला पूर्ण अभ्यासक्रम खुला होतो. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही वयोमर्यादा १२ होती. दहा व अकरा वर्षांच्या कार्डधारकास १२ मीटरपेक्षा खोल जाता येत नाही, आणि त्याच्यासोबत प्रमाणित पालक वा व्यावसायिक प्रशिक्षक असावाच लागतो. १२ ते १४ या वयात ही मर्यादा १८ मीटर होते व कोणताही प्रमाणित प्रौढ सोबत चालतो. पंधराव्या वर्षी ‘कनिष्ठ’ हा शब्द गळून पडतो आणि त्यासाठी नव्याने परीक्षा द्यावी लागत नाही. या व्यवस्थेतील ही बाजू काहीशी सैल वाटते. दहाव्या वर्षी शिकून नंतर पाण्याकडे फिरकलाही नसलेला मुलगा पाच वर्षांनी कागदोपत्री पूर्ण पाणबुडा ठरतो. अशा मुलाने उजळणीचा वर्ग केलेला बरा.

अभ्यासक्रमात मुलांसाठी सवलत नाही. दाब, हवेचा वापर, पाण्याखालील हातखुणा यांचा लेखी अभ्यास, तलावातील सराव आणि त्यानंतर खुल्या पाण्यातील चार डुबक्या असा क्रम प्रौढांप्रमाणेच असतो. साहाय्याविना २०० मीटर पोहणे (किंवा मास्क, फिन्स व स्नॉर्केल लावून ३०० मीटर) आणि दहा मिनिटे तरंगणे आवश्यक असते. मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधून पुन्हा लावणे ही कौशल्ये मुलाने न घाबरता, वारंवार करून दाखवायची असतात. लेखी अभ्यास आणि तलावातील भाग राहत्या शहरात पूर्ण करून समुद्रातील चार डुबक्या बारा महिन्यांच्या आत दुसऱ्या केंद्रात घेण्याचीही सोय आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विषयाची प्रशिक्षण संस्था मालवण तालुक्यात तारकर्ली येथे आहे.

सिलिंडरमध्ये शुद्ध प्राणवायू असतो, ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. त्यात उच्च दाबाखाली भरलेली साधी हवा असते, आणि धोक्याचे मूळ याच दाबात आहे. दहा मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. तेथे छातीभर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आले, तर फुप्फुसातील हवा प्रसरण पावून ऊती फाटू शकतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. यासाठी फार खोली लागत नाही. सिलिंडरची हवा घेतलेली असेल, तर एक-सव्वा मीटरवरूनही अशी इजा होऊ शकते. घाबरलेले मूल नेमके हेच करते. श्वास कोंडते आणि वर झेपावते. म्हणूनच ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबाचा पहिला नियम घोकून न घेता अंगवळणी पाडावा लागतो.

कानांचा प्रश्न अधिक नित्याचा आहे. घसा व मध्यकर्ण जोडणारी नलिका मुलांमध्ये अरुंद आणि अधिक आडवी असते. त्यामुळे खाली जाताना कानात दडे बसतात व ते मोकळे करणे प्रौढांपेक्षा कठीण जाते. सर्दी असताना बळेच खाली नेल्यास कानाचा पडदा फाटण्याचा संभव असतो. शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने मुले लवकर गारठतात. शिवाय सर्वसाधारण आकाराचे भरलेले सिलिंडर सुमारे १५-१६ किलोचे असते, म्हणजे दहा वर्षांच्या अनेक मुलांच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे. लहान सिलिंडर आणि मापाचे जाकीट केंद्रात आहे की नाही, हे त्यामुळे आधीच पाहावे लागते. वाढत्या हाडांवर रक्तातील बुडबुड्यांचा काय परिणाम होतो, याविषयी ठाम पुरावा नाही, आणि तसा प्रयोग मुलांवर करताही येत नाही. डुबकीची मूळ कोष्टके नौदलातील प्रौढ पुरुषांवरील चाचण्यांतून तयार झाली. मुलांसाठीच्या खोलीच्या मर्यादा सावधगिरी म्हणूनच ठरलेल्या आहेत.

सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा जोडीदाराचा आहे. स्कूबाची सारी सुरक्षा जोडीदार पद्धतीवर उभी आहे. एकाची हवा संपली तर दुसरा देतो, एक बेशुद्ध झाला तर दुसरा वर आणतो. ७५ किलोच्या पित्याला ३० किलोची मुलगी वर कशी आणणार? पालक व मूल ही जोडी कागदावर नियमात बसली, तरी त्यातील पालक वस्तुतः एकटाच डुबकी मारत असतो, आणि त्याला काही झाले तर मूलही एकटे पडते. नियम किमान अपेक्षा सांगतो. त्याहून पुढे जाऊन कुटुंबासोबत तिसरा, व्यावसायिक पाणबुडा घेणे हा खर्च टाळण्याजोगा नाही.

प्रशिक्षणापूर्वी आरोग्यविषयक प्रश्नावली भरून द्यावी लागते. अल्पवयीन मुलासाठी तिच्यावर पालक स्वाक्षरी करतात. दमा, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया अशा प्रश्नांना ‘होय’ उत्तर असल्यास डॉक्टरांची संमती लागते. सहल वाया जाऊ नये म्हणून सरसकट ‘नाही’ लिहिण्याचा मोह येथे घातक ठरतो. मुलाची स्वतःची इच्छाही पालकांनी एकांतात विचारावी. भावंड उतरले म्हणून उतरणारे मूल पाण्याखाली मनातली भीती सांगू शकत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणून आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली आहे. ही नोंदणी, प्रशिक्षकाचे चालू वर्षाचे सदस्यत्व, बोटीवरील आपत्कालीन प्राणवायू आणि एका प्रशिक्षकामागे मुलांची संख्या हे पालकांनी पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न होत. पाडी प्रशिक्षकाचे सदस्यत्व त्याच्या क्रमांकावरून संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येते.

परतीच्या प्रवासाचे नियोजनही याच वेळी करावे. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, अशी शिफारस आहे. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच रस्त्यालाही ती लागू होते. मालवणहून कोल्हापूर वा बेळगावकडे जाताना लागणारी आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. समुद्रातील प्रशिक्षण पूर्ण केलेल्या मुलाला घेऊन त्याच सायंकाळी घाट चढण्याऐवजी एक मुक्काम किनाऱ्यावरच वाढवावा.