खुद्री महसीर आणि आनुवंशिक वैविध्याचा प्रश्न

माशांची संख्या वाढली म्हणजे त्यांचे संवर्धन झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुण्याच्या नदीतूनच शास्त्राला परिचित झालेल्या एका माशाचा इतिहास या समजुतीस बाध आणणारा आहे.

दख्खनच्या माशांचे वर्णन साइक्स याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेल्या महसीराला त्याने ‘खुद्री’ हे स्थानिक नावच शास्त्रीय नाम म्हणून दिले. पुढे धरणे, दूषित पाणी व सुरुंगाची मासेमारी यांमुळे हा मासा विरळ झाला. १९७० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तेथील बोटुकली परप्रांतांतील नद्यांतही सोडण्यात आली. कावेरी ही त्यांपैकीच एक होय.

कावेरीत मात्र पाठीवर उंचवटा असलेला निराळा महसीर मूळचाच होता. गळ टाकणाऱ्यांना तो शतकाहून अधिक काळ माहीत असला, तरी ‘टॉर रेमादेवी’ ही त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली. तोवर नदीत खुद्री वाढत गेला होता व मूळचा मासा दुर्मिळ झाला होता. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. ‘महसीर’ या एकाच नावाखाली भिन्न वंश झाकले गेल्याचा हा परिणाम होय.

एकाच जातीच्या अंतर्गतही असा धोका संभवतो. समजा, पन्नास माद्यांची अंडी केवळ दोन नरांकडून फलित केली. नर व मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागले असता ‘प्रभावी संख्या’ मिळते. येथे ती सुमारे ७.७ येते. म्हणजे बावन्न माशांचा हा साठा आनुवंशिकदृष्ट्या आठ माशांच्याही तोलाचा नाही. त्यापासून लक्षावधी पिल्ले निपजली, तरी वैविध्य वाढत नाही. उलट, नदीतील मूळ माशांशी त्यांचा संकर झाल्यास तेथील वैशिष्ट्येही पुसट होतात.

म्हणून प्रत्येक खोऱ्यातील प्रजनक मासे स्वतंत्र राखणे, पुरेसे नर वापरणे आणि बोटुकली सोडण्यापूर्वी वंशपरीक्षा करणे अगत्याचे ठरते. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे देवीचे म्हणून श्रद्धेने राखलेले महसीर पश्चिमवाहिनी नदीतील आहेत. भीमेच्या खोऱ्यातील बीज त्यांत मिसळणे हे संवर्धन नव्हे. कोणता वंश राखावयाचा हे ठरल्यावाचून केलेले रक्षण, रक्षणीयाचाच घात करू शकते.