मातीविना पालक: रोप आणि खताचं पाणी

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मातीविना भाजीचा तयार संच घ्यायचाय, गटातून कर्ज मिळंल का?" मी म्हटलं, आधी एका बादलीत पालक उगवून दाखवा, मग कर्जाचं बघू. त्यांना राग आला असेल. पण पाइप विकत मिळतात. रोप जगवणं आणि पाण्यात खत कालवणं शिकावंच लागतं. आज तेवढंच सांगते.

बी टाकायला माती नको, कोकोपीट घ्या. म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात खार असतो, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या. चहाच्या कागदी कपाला बुडाशी आणि बाजूला भोकं पाडून त्यात भरा. पालकाचं बी रात्रभर भिजवा. पाकिटातलं बी रंगीत असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते पाणी कोंबड्यांपुढं टाकू नका, हातही धुवा. अर्धा इंच खोल बी टोचा. आठवड्याभरात कोंब दिसतो. पालकाचं एक बी म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा गोळा, त्यामुळं एकाच जागी जास्त कोंब येतात. जोमदार ठेवा, बाकीचे कात्रीनं कापा. उपटलेत तर शेजारच्याची मुळं हलतात.

कोंब दिसला की त्याच दिवशी कप उजेडात आणा. घरात ठेवलेली रोपं पांढरी, लांबुळकी होऊन आडवी पडतात, मग ती सावरत नाहीत. खरी पानं फुटेपर्यंत साधंच पाणी द्या.

आता खत. माझी पहिली चूक सांगते. सगळी खतं मी एकाच बाटलीत कालवली. सकाळी तळाशी पांढरा साका! कॅल्शियम आणि सल्फेट घट्ट पाण्यात एकत्र आले की जिप्सम होऊन खाली बसतं. फॉस्फेटशीही कॅल्शियमचं असंच होतं. मुळांना मग काय मिळणार? रोपं पिवळी पडली, पैसे गेले. म्हणून बाटल्या दोन.

'अ' बाटलीत एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. 'ब' बाटलीत एक लिटर पाण्यात १३:०:४५ हे ४० ग्रॅम, ०:५२:३४ हे २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि चिलेटेड मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यं ३ ग्रॅम. द्राक्षवाले ठिबकमधून हीच खतं सोडतात, कृषी सेवा केंद्रात मिळतात. वजन छोट्या डिजिटल काट्यावर करा, चमच्यानं नको. मोठ्या रोपांना एक लिटर पाण्यात 'अ' १० मिली घालून ढवळा, मग 'ब' १० मिली. दोन खरी पानं आलेल्या रोपांना दोन्ही ५-५ मिलीच. खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं टोपण मापाला चालतं, मात्र ते परत औषधाला वापरायचं नाही.

काहीजणी १९:१९:१९ वापरायचं म्हणतात. त्यातलं बरंच नत्र युरियाचं असतं. मातीत जिवाणू ते फोडून देतात, इथं माती नाही. जीवामृतही बादलीत नको, ते सडून मुळं कुजतात. परसात खुशाल घाला.

पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहा हवा; कागदी पट्टीनं कळतो. आपल्या बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. लिंबू पिळलं तर सामू उतरतो, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा चढतो. फार खारट पाणी असेल तर सरळ पावसाचं साठवलेलं घ्या.

मुळं कपाबाहेर डोकावली की बादलीच्या झाकणाला भोक पाडून कप बसवा. कपाचं बूड खताच्या पाण्याला टेकेल इतकीच बादली भरा. पाणी हळूहळू उतरतं, वरच्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते, म्हणून पुन्हा काठोकाठ भरू नका. बादली पारदर्शक असेल तर पोत्यानं गुंडाळा, नाहीतर शेवाळ माजतं.

आणि एक. ही खतं साखरमिठासारखी दिसतात. प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भरू नका, नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. १३:०:४५ चुलीपासून लांब. ते आग भडकवतं. एक-एक किलोच्या पिशव्या गटात मिळून घ्या, घरी नेताना कोरड्या बरणीत वाटून घ्या. कॅल्शियम नायट्रेट उघडं राहिलं की पाझरतं, म्हणून त्याची बरणी घट्ट झाकणाची बघा.