मेंदूतला 'आनंद'

सोनईच्या बाजारात परवा सतरा वर्षांचे एक पोर मला म्हणाले, "चाचा, गांजाने मेंदूत नव्या पेशी येतात, शास्त्रज्ञच सांगतात!"

पोराने निम्मेच ऐकले होते. जेरुसलेमच्या राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली डुकराच्या मेंदूत एक द्रव्य सापडले. आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याचे नाव ठेवले 'आनंदामाइड'. कवी म्हणून मला हे बारसे फार आवडले. गांजातले मादक द्रव्य ज्या कुलपाला लागते, त्याचीच ही घरची किल्ली. हे कुलूपच नसलेल्या उंदरांत, आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी जवळपास निम्म्या भरल्या. कॅनडात २००५ साली उंदरांना त्याच कुलपाला लागणारे कृत्रिम रसायन रोज टोचले, तेव्हा नव्या पेशी वाढल्या.

पण ते रसायन म्हणजे गांजा नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्रौढ माणसाच्या मेंदूत अशा पेशी जन्मतात की नाही, यावरच २०१८ साली दोन शास्त्रीय निबंध एकमेकांच्या विरोधात उभे राहिले. शिवाय आनंदामाइड हवे तिथे, हवे तेवढेच तयार होते आणि लगेच विरते. चिलमीतले द्रव्य मेंदूभर पसरून तासन्‌तास रेंगाळते, तेही अजून घडत असलेल्या मेंदूत.

पोराला चहा पाजून एवढे सांगेपर्यंत त्याची एसटी आली.