किती एचपीचा बसवायचा?

महाराष्ट्रातल्या गावोगावी नळ आले, त्याची आठवण आपण टाकीवरच्या पाटीत जपतो. शिवारातल्या विहिरीवर बसवलेला पंप कुणाच्या लक्षात राहत नाही. पण योजना चालली की बंद पडली, हे गेली पन्नास वर्षं बहुतेक वेळा त्या पंपाच्या निवडीवर ठरत आलं आहे.

१९७२च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला आणि बोअर मारणाऱ्या गाड्या खेड्यापाड्यांत पोचल्या. जालना आणि सोलापूरकडे तयार झालेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क टू’ घडला. हातपंपाला गणित लागत नव्हतं, दांडा मारला तेवढं पाणी. गणित आलं ते उंच टाकीबरोबर. केंद्राच्या वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा योजनेने माणशी रोज ४० लिटरचा निकष धरला. १९७९ मध्ये राज्यात पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ स्थापन झालं, तेच आजचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. आधी मोठ्या गावांत, मग वाड्यावस्त्यांपर्यंत जलकुंभ उभे राहू लागले.

टाकीचं खरं काम मात्र गावाला कधी नीट समजावून सांगितलं गेलं नाही. सकाळी दोन तास नळ सुटतात तेव्हा सगळ्या गावाची मागणी एकदम येते. ती मागणी टाकी भागवते. नळाला दाबही टाकीची उंचीच देते. पंपाने दिवसभराची सरासरी तेवढी वर चढवायची. म्हणजे टाकी असेल तर पंप लहान चालतो, आणि टाकी बांधण्याचं अर्धं कारण तेच आहे. तरीही ग्रामपंचायतीच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपीचा बसवायचा?

समजा, तीन हजार वस्तीचं गाव आहे. आजच्या निकषाने माणशी ५५ लिटर आणि गळतीसाठी १५ टक्के धरले, तर रोज साधारण १ लाख ९० हजार लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यातल्या विहिरीच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंत ३८ मीटर चढ आणि मध्ये दीड किलोमीटर पाइप आहे. पंप आठ तास चालवायचा तर सेकंदाला ६.६ लिटर पाणी हवं. पाइप चार इंची प्लॅस्टिकचा असेल तर घर्षणात साडेअकरा मीटर जातात. तोच तीन इंची घेतला तर ४६ मीटर, म्हणजे चौपट. चढ, घर्षण आणि जोडसामानाचे दोन-तीन मीटर मिळून पंपाने पेलायची उंची, म्हणजे एकूण हेड, ८७ मीटरवर जातं आणि १५ एचपीची मोटार लागते. आता पाइप तोच तीन इंची ठेवा, पण पंप सोळा तास चालवा. प्रवाह निम्मा होतो, घर्षण १३ मीटरच्या आत येतं आणि ५ एचपीत काम भागतं. टाकीत पाणी तेवढंच पडतं, पण आठ तासांच्या पंपाला वीज दीडपटीहून जास्त लागते.

म्हणून मी एचपीचा प्रश्न शेवटी ठेवतो. आधी वीज किती तास मिळणार ते विचारायचं, मग पाइपचा व्यास, मग हेड. एचपी त्यातून आपोआप निघतो.

ऐंशीच्या दशकात अडचण वेगळी होती. काठावरचा पंप पाणी जेमतेम सहा-सात मीटरवरून ओढतो. मे महिन्यात पातळी त्याखाली गेली की मोटार दोरखंडांनी विहिरीत खाली उतरवायची, फूट व्हॉल्व्ह तपासायचा आणि पाणी भरून पुन्हा चालू करायची. पाण्यात बुडणारे पंप आले आणि हा जीवघेणा उपद्व्याप थांबला. हे त्या काळातलं फार मोठं सुख होतं.

नंतर भारनियमन आलं. योजनेची विहीर शिवारात, तिथली थ्री फेज वीज शेतीच्या वेळापत्रकाने येणार. सोळा तासांवर आखलेल्या योजना आठ तासही चालेनात. यावर स्वतंत्र वीजवाहिनी हा उपाय होता, काही योजनांनी तो केलाही. पण अनेक ठिकाणी जुन्याच पाइपवर मोठी मोटार चढली. कुठे शेजारी दुसरा पंप बसवला आणि पाणी दुप्पट होईल असं मानलं. एकाच पाइपात दोन पंप ढकलू लागले की घर्षण वाढतं आणि दोन्ही पंपांचं पाणी घटतं. हे चढ्या बिलातून कळलं, तोवर थकबाकी साचलेली. पाणीपट्टी वसूल होत नव्हती आणि वीज तोडली गेली. अशा योजनांना ‘स्रोत आटला’ असा शेरा बसलेला पाहिला की मला वाईट वाटतं, कारण कित्येकदा विहिरीत पाणी होतं.

गावाच्या टोकाला पाणी पोचत नाही, ही तक्रारही पंपाच्याच माथी मारली जाते. दुमजली घराच्या नळाला १२ मीटर दाब हवा, एकमजलीला ७ पुरतो. जुन्या टाक्या बैठ्या घरांसाठी होत्या. गाव मजल्यांनी वाढलं आणि लोकांनी नळालाच टिल्लू पंप जोडले, म्हणजे शेजाऱ्याच्या वाटचं पाणी ओढून घेतलं. विहिरीवरची मोटार कितीही मोठी केली तरी टाकीची उंची बदलत नाही. तिथे वितरणाचे पाइप बदलावे लागतात किंवा वरच्या आळीला वेगळी टाकी द्यावी लागते.

२०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये घरोघरी नळ जोडले गेले आणि आता सौर पंप आले आहेत. लहान पाड्यांवर ते उत्तम चालतात, बिल येत नाही. पण धड ऊन सहा तासच मिळतं आणि मोठ्या गावाचं सगळं पाणी तेवढ्यात चढवावं लागतं. वरच्याच गावाचं पाणी सहा तासांत चढवायचं तर तीन इंची पाइपातलं घर्षण एकटंच ७८ मीटर होतं आणि मोटार २५ एचपीच्या घरात जाते. चार इंचीत तेच घर्षण विशीच्या आत राहतं. सौर पंपाच्या अंदाजपत्रकात पॅनलचा आणि मोटारीचा खर्च ठळक असतो. माझा आग्रह आहे की त्याच पानावर दीड किलोमीटर नव्या पाइपचा खर्च मांडावा आणि ग्रामसभेसमोर दोन्ही आकडे एकत्र ठेवावेत.