द्राक्षबागेतला जंगली

मार्चमध्ये दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं एखादं मराठी बिऱ्हाड शेजारच्या आयएनए मार्केटमधून महाराष्ट्रातली द्राक्षं आणतं. वाण कोणता, हे हौशी माणूस सांगूही शकतो: थॉमसन, सोनाका किंवा तासगावकडचं तास-ए-गणेश. पण त्या वेलीची मुळं कोणाची, हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ती डॉगरिजची असतात. बागाईतदार त्याला सरळ ‘जंगली’ म्हणतो.

डॉगरिज ही मूळची अमेरिकेतल्या टेक्ससची रानवेल, व्हायटिस चॅम्पिनी या जातीची. त्याच टेक्ससमधले द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात रानवेली गोळा केल्या. फायलोक्सेरा नावाची कीड मुळं खाऊन फ्रान्सच्या बागा संपवत होती, तेव्हा अशा अमेरिकी खुंटांवर, म्हणजे फक्त मुळांसाठी लावलेल्या वेलींवर, फ्रेंच वाणांची कलमं बांधून त्या वाचवल्या गेल्या. आपल्याकडे दुखणं वेगळं होतं. आधी आपली द्राक्षं स्वमुळावर वाढत; काडी रोवली की वेल तयार. पुढे दुष्काळ पडत गेले, विहिरी आटल्या, बोअरचं खारट पाणी बागेत आलं आणि पानांच्या कडा करपू लागल्या. नव्वदीच्या दशकात नाशिक, सांगली, सोलापूरकडे जंगलीची लागण वाढली ती यामुळे. कमी पाण्यात आणि क्षारांत तग धरण्यात त्याचा हात धरणारं फार कोणी नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 साली सुरू झालं आणि खुंटांचा रीतसर अभ्यास तिथे होऊ लागला.

कलम पाहायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बागेत जावं. उन्हाळ्याआधी लावलेलं जंगली रोप तोवर पेन्सिलीएवढं जाड झालेलं असतं. कारागीर ते आडवं छाटतो, मधोमध उभी चीर देतो, दोन डोळ्यांच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतो आणि चिरेत बसवतो. साल सालीला भिडली पाहिजे. निदान एका बाजूने तरी. मग प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायचं. सराईत हाताला हे सगळं मिनिटभराचं काम. हवा दमट असली तर डोळा फुटतो, कोरडा वारा सुटला तर काडी वाळते. पुढे बागेचं वय होईपर्यंत जमिनीजवळच्या त्या गाठीखाली टेक्सस आणि वर नाशिक.

इथवर ही यशाची कहाणी आहे. पण जंगलीला माज फार. पाणी आणि नत्र मिळालं की तो वेलीला नुसता पाला काढायला लावतो. महाराष्ट्रात वेल दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर निघालेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी झाली की तो बाहेर पडतो. त्या घडनिर्मितीला कडक ऊन आणि थोडा पाण्याचा ताण हवा. ढगाळ हवेत माजलेल्या काडीतून घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला. अशा मे महिन्यात दुष्काळासाठी निवडलेला खुंटच बागाईतदाराच्या मुळावर येतो.

माज उतरवायला शेंडा मारणं, बगलफुटीची काडी (सबकेन) वाढवणं, पाणी तोडणं हे जुने उपाय. सोबत वाढ रोखणारी औषधंही आली. 2010 मध्ये त्यांपैकीच क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश युरोपात सापडले आणि आपल्या निर्यातीचे कंटेनर अडकले. खुंटाच्या स्वभावाची किंमत परदेशातल्या बंदरात मोजली गेली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

दिल्लीचा प्रश्न उलटा आहे. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, जानेवारीत छाटतात आणि जूनअखेर पाऊस यायच्या आत माल काढावा लागतो. म्हणून दिल्लीतल्या पुसा कृषी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी लवकर पिकणाऱ्या वाणांचा ध्यास घेतला. त्यांच्या ‘पुसा नवरंग’चा फ्लेम सीडलेसशी संकर करून मांजरीने रसासाठीचा ‘मांजरी मेडिका’ काढला. लक्ष्मीबाई नगरापासून फार लांब नसलेल्या पुसाच्या शेतातली वेल अशी पुण्याला पोचली. दिल्लीने पावसाच्या आधी पळायचं ठरवलं, महाराष्ट्राने पीकच पावसानंतर ढकललं. आता पाऊस दोन्ही टोकांना गाठतो. 2009 च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळाने नाशिकच्या बागांत केवडा रोग कसा माजवला, हे तिथे अजून विसरलेले नाहीत.

प्लास्टिकचं आच्छादन गारा आणि पाऊस अडवतं, पण एकरी खर्च लाखांत जातो; लहान बागाईतदाराला ते झेपत नाही. मला खुंटात विविधता आणणं जास्त शहाणपणाचं वाटतं. 110 आर हा खुंट डॉगरिजइतका माजत नाही, पाणीही जपून वापरतो. मात्र एकदा भरलेला खुंट बदलता येत नाही, त्यासाठी बागच उपटावी लागते. तेव्हा यंदा नवी लागण करणाऱ्यांनी शेजाऱ्याची बाग बघून रोपं बुक करू नयेत. आधी माती आणि पाणी तपासून घ्या, अहवालात क्षार आणि सोडियम किती ते बघा, आणि मगच नर्सरीत जा.