कढई पेटली तर पाणी नको

रमजानची संध्याकाळ. मगरिबला दहा मिनिटं उरलेली, दस्तरखान अंथरलेला, आणि सिंदी मेघेतल्या आमच्या घरी भज्यांचा शेवटचा घाणा टाकायचा होता. तेवढ्यात शेजारचा मुलगा इफ्तारीची थाळी घेऊन दारात आला. आम्ही उठून गेलो, दोन शब्द बोललो. परतलो तर कढईतल्या तेलानं पेट घेतलेला आणि भाची पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"खाला, ओतू?"

आम्ही ओरडलोच. तांब्या तिच्या हातून सुटला, पाणी फरशीवर सांडलं. गॅसचं बटण बंद केलं आणि भाताच्या गंजावरचं मोठं झाकण आपल्या बाजूनं पुढे सरकवत कढईवर ठेवलं. ज्वाळा विझल्या. मग आम्हीच चूक केली. दोन मिनिटांनी झाकण उचलून पाहिलं, तर तेल पुन्हा भडकलं! तेल तापलेलंच होतं, हवा मिळताच पेटलं. परत झाकलं आणि रोजा खजूर-पाण्यावर सोडला. कढई पूर्ण थंड झाल्यावरच झाकण काढलं.

शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की पाणी तेलापेक्षा जड असतं. तेच इथे घात करतं. पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा घेते. ती पेटतं तेल उडवून छतापर्यंत नेते. घाबरलं की हात मात्र पाण्याकडेच जातो, मुलांचाही आणि मोठ्यांचाही.

पेटलेली कढई उचलून अंगणात न्यायची सवयही वाईट. तेल हिंदकळून हातापायांवर येतं, वारा लागून ज्वाळा आपल्याच अंगावर येतात. पीठ टाकू नये, ते स्वतःच जळतं. नायलॉनच्या ओढणीनं तर झाकूच नये. आग कढईबाहेर पसरली असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा. भांडी, दागिने राहू द्या.

भाजलंच तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढून ती जागा 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. फोड मोठे असतील, चेहरा किंवा हात भाजला असेल तर घरी थांबू नये. सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं आपल्याला जवळच आहेत.

तेल पेटण्याआधी धुरानं सांगत असतं. धूर दिसला की गॅस बंद. रिफाइंड सोयाबीन तेल साधारण 230 अंशांना धुरायला लागतं, पेटायला त्याहून बरंच जास्त तापावं लागतं. म्हणजे वेळ मिळतो, पण शेगडीजवळ माणूस असेल तरच.

आता तळण काढायचं म्हटलं की भाची आधी झाकण कढईवर ठेवून माप बघते, मगच तेल ओतते. दार कोणी वाजवलं तर म्हणते, "खाला, आधी गॅस."