हात खाली, रक्तदाब वर!

पेण तालुक्यातील गडब हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. अशा गावात एसटीतून उतरायचे, उन्हातून चालत दवाखाना गाठायचा आणि बसताच नर्ससमोर हात पुढे करायचा, हे नेहमीचेच. पण अशा घाईत मोजलेला रक्तदाब फसवा असू शकतो.

हात हृदयापेक्षा खाली असला की रक्ताच्या वजनाचा दाबही आकड्यात मिळतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा १३३ प्रौढांवरील अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी ३.९ने, तर खाली लोंबकळत असताना ६.५ने जास्त आला. म्हणजे १३५चा रक्तदाब १४१ दिसू शकतो आणि गरज नसताना गोळी मागे लागू शकते.

म्हणून आधी लघवीला जाऊन या, मग पाच मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नको. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर. मोजताना बोलू नका. अर्धा तास आधी चहा, तंबाखू टाळा. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून घ्या. चालू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.